माउसचं चाक

१४ तारीख, रविवार दुपार

प्रिय ताई,

आधीच माफ कर, शुद्धलेखनाच्या चुका होतील. मराठी टाइप करायला मला जाम वेळ लागतो, एकेक अक्षर शोधत बसावं लागतं. फोनच करणार होते, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहितीये. तू "हं, बोल" म्हणतेस आणि मी नुसती श्वास घेते.

आई बरी आहे. बाबांच्या कारखान्यात नवीन फिटर आलाय, तो एकदा बोलायला लागला की थांबत नाही म्हणे. माझा परीक्षेचा सराव चांगला चालला होता. बाथरूमची बिजागरी, जिन्यातला नळ, सगळं कॉम्प्युटरवर काढून झालं. कुकरच्या हँडलची मापं घ्यायला बाबांचा व्हर्नियर घेतला तर आई म्हणाली, "लोकांच्या पोरी कुकर लावतात, आमची मोजते." पण नंतर शेजारच्या काकूंना बोलावून तिनेच दाखवलं सगळं. तू सांगितलेलं मी विसरले नव्हते. रेघ निळी म्हणजे अजून सुटी, नीट मापं दिली की काळी होते. माझ्या सगळ्या काळ्या असायच्या गं.

तुझे मेसेज पाहिले. "मुंगे, कसा गेला पेपर?" पाहिले आणि तसेच ठेवले. नेट नव्हतं असं लिहिणार होते, पण नेट होतं.

पेपर सोपा होता. हेच सांगायला जड जातंय.

चित्र बघून कॉम्प्युटरवर पार्ट बनवायचा आणि त्याचं वजन लिहायचं, आपण घरी करायचो तसंच. पण माझ्या माउसचं चाक अडकलं होतं. चाक दाबल्याशिवाय पार्ट फिरत नाही, आणि फिरवल्याशिवाय मागची बाजू दिसत नाही. माझ्या शेजारच्या मुलाचंही तेच झालं. त्याने सरळ हात वर केला. सुपरवायझर बाई आल्या, ड्रॉवरमधून दुसरा माउस काढून दिला. ड्रॉवर माउसनी भरला होता ताई. वर म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं रे." तो हसला, झालं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुझा चालतोय ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

का ते विचारू नकोस. सगळे बघत होते असंही नाही, कोणाला वेळ होता बघायला. मग बाणाची बटणं दाबदाबून पार्ट थोडा थोडा फिरवत बसले. बाई दोनदा मागून गेल्या. दर वेळी वाटलं, आता सांगू. पण आता सांगितलं तर मघाशी हो का म्हणालीस असं विचारतील. एका पार्टचं मागचं भोक राहूनच गेलं, वजन चुकलं. शेवटचा पार्ट उघडलाच नाही. रिझल्ट तिथेच स्क्रीनवर आला. नापास.

शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, हे काम शिक, यात कोणी उभं करून बोलायला लावत नाही. मला ते इतकं पटलं होतं.

घरी मी पेपर अवघड होता म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "असू दे, अवघडच असणार." तेव्हा जास्त वाईट वाटलं.

पुन्हा बसता येतं, पण पुढच्या महिन्यानंतर. तुझ्या ऑफिसातले साहेब तोवर थांबणार नाहीत. तुझ्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ठेवायला तू त्यांना किती गळ घातली असशील, ते तू सांगत नाहीस, पण मला कळतं. आता त्यांना सांग, दुसरं कोणी बघा. माउस खराब होता असं मात्र सांगू नकोस. चांगला माउस हाताच्या अंतरावर होता.

खुर्चीच्या बाजूच्या खिडकीतून काय दिसतं ते तू एकदा सांगणार होतीस. आता नको सांगू.

तुझीच, अजून तरी,
मुंगी

ता. क. काल बाबांची अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन विचारलं, "बधिर झालं ना?" बाबांनी मान हलवली. झालं नव्हतं.