मालकाचा ट्राय बॉल

कळंब, १८ जून २०२५

प्रिय मुजीब,

सलाम. इकडं ठीक. तुझी वहिनी शिवलीला मजेत, माझी साखर वाढली, माझ्या साप्ताहिकाचे वाचक घटले. तुझ्या आईची, सकिनाचाचींची, तब्येत उत्तम. गेल्या आठवड्यात त्यांनी मला झाडलं, त्यावरून ओळखलं.

दोन वर्षं तू बोलत नाहीस. लोकांना मी सांगतो, मोठा माणूस झाला, फुरसत नसेल. कारण मला माहीत आहे. तू लीगमधली 'बालाघाट बहाद्दर' टीम घेतलीस तेव्हा मी सदरात लिहिलं होतं, 'ज्याला गल्लीत कधी बॅटिंग मिळाली नाही, तो आता अकरा जणांचा मालक झाला.' गाव लई हसलं. माझा सगळ्यात गाजलेला लेख.

चाचींना तो गेल्या आठवड्यात कुणीतरी वाचून दाखवला. बोलावून घेऊन एवढंच विचारलं, "सच लिखा तू. पर उसकू बॅटिंग देता कौन था रे, शिवपुत्रा?" आणि तू पाठवलेलं पुण्याच्या मॅचचं त्यांचं तिकीट माझ्या हातात कोंबलं. "मेरे घुटने नै चलते. तू जा, देख के आ."

तर रविवारी दुपारी तुझ्या आईच्या खुर्चीत मी होतो, टोपी नाकापर्यंत ओढून.

दोन टोमणे वहीत तयार ठेवूनच गेलो होतो. पण जिना चढलो आणि ते मैदान दिसलं. इतकं हिरवं मी आपल्याकडं निवडणुकीतल्या आश्वासनातसुद्धा पाहिलं न्हाय. आणि हजारो माणसं उभी राहून 'बालाघाट, बालाघाट' ओरडत होती. आपला डोंगर, मुजीब! ज्यावर शेळ्यासुद्धा नाइलाजानं चढतात! अंगावर काटा आला. वही खिशातच राहिली.

मग तुझा येरमाळ्याचा रिजवान पहिल्याच बॉलला बोल्ड झाला. तू उठून सीमारेषेपाशी गेलास. वाटलं, मालक आता सोलणार. तू त्याच्या खांद्यावर हात टाकलास. माझ्यापासून दहा हातांवर होतात तुम्ही.

"पुढच्या मॅचलाबी पहिला तूच जायचं. काय?"

मग आईच्या खुर्चीकडं पाहिलंस. मी मान खाली घातली. इतका मोठा माणूस इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता.

गल्लीतला कायदा आठवतो? ज्याची बॅट, त्याला पहिला बॉल ट्राय. आउट झाला तरी आउट नाही. सहा वर्षं तो बॉल मी घेतला. खरंच आउट झालो की बॅट काखेत मारून घरी. तुझी पाळी यायच्या आत.

आता जे टाळत इथवर आलो, ते. ती बॅट माझी नव्हती. तुझ्या अब्बांनी, दादामियाँचाचांनी, बाभळीचं लाकूड तासून ती तुझ्यासाठी केली होती. तू दाखवायला आणलीस आणि मी तापल्या खिळ्यानं तिच्यावर 'शि' कोरला. तू काहीच बोलला नाहीस. का, हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

काल काचेनं तो 'शि' खरवडला. खोल गेलाय, पुरता जात न्हाय. बॅट तशीच चाचींकडं ठेवली आहे. येत्या अंकात सदराच्या जागी हीच हकीकत छापतोय, माझ्या नावासकट. गाव हसेल. हसू दे.

तू ये. गल्ली अजून तेवढीच अरुंद आहे. बॉलिंग मी टाकतो. पहिला बॉल ट्राय, कारण मालक तू.

पहिल्याच बॉलला आउट झालेला, तरी अजून एक मागणारा,
शिवपुत्र