मार्थाबाईंची सही

लिंबायत, सुरत
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

चि. जयू हिला आईचे पुष्कळ आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. पप्पांची साखर आटोक्यात आहे, पण संध्याकाळचं फिरणं त्यांनी सोडलंय, सोसायटीतले लोक काहीबाही विचारतात म्हणून. पाऊस येतो-जातो. दिवसभर दोरीवरचे कपडे आत-बाहेर करण्यातच जीव जातो.

कानबाई यंदा चांगली बसली. हर्षल वापीहून दोन दिवस आला होता. प्रसादाच्या रोटांचे गहू नेहमीसारखे घरातल्या पुरुषांच्या नावाने घेतले, पप्पा आणि तुझा भाऊ, सव्वा-सव्वा मूठ. रोट कुळाबाहेर द्यायचे नसतात, म्हणून शेजारच्या चंचलबेनना वेगळी खीर करून दिली. त्या दरवर्षी विचारतात, "अमने रोट केम नहीं?" मी दरवर्षी खीर देते. गेल्या सोमवारी तापीवर बोळवण केली.

तुझे फोन आले होते. मी उचलले नाहीत. चार्जरची वायर ढिली झाली आहे, ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. पुढे लिहिते. तुम्ही पाठवलेली पुठ्ठ्याची नळी परत करायचीच आहे, म्हणून पत्र त्यातच घालते, वेगळं पाकीट कशाला.

नळी आली तेव्हा मी जिन्यातच होते. चंचलबेन दारात गवार निवडत बसल्या होत्या. "कुसुमबेन, आ शुं आव्युं? कॅलेंडर?"

मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये कोण कॅलेंडर पाठवतं?"

"तो पछी दीकरीना सासरेथी हशे."

लेकीच्या सासरहूनच होतं. मी नळी काखेत मारली. त्यांनी सूप बाजूला घेऊन मला वाट दिली आणि हसल्या. जिन्यातल्या सगळ्यांना माहीतच आहे, फक्त आपल्या घरात बोलत नाहीत.

नळीतला कागद मी जेवणाच्या टेबलावर पसरला. पप्पा पेपर वाचत होते. म्हणाले, "हा काय, जमिनीचा नकाशा?"

"जयूच्या लग्नाचा दाखला आहे."

"एवढा मोठा?" चष्मा शोधला त्यांनी. जन्मभर बँकेत सह्या तपासलेला माणूस, राहवलं नाही. बोट ठेवत ठेवत वरून खाली वाचत गेले. "साक्षीदार दोन पुरतात. इथे अख्खं गाव उतरलंय. आणि हे काय? ही मांजर आहे."

मी तुझी चिठ्ठी बघून सांगितलं, की लग्नाला हजर असलेल्या प्रत्येकाने सही करायची अशी या क्वेकर पंथाच्या लोकांची रीत आहे, आणि ज्या पोराला लिहिता येत नव्हतं त्याने मांजर काढली.

"मांजर बँकेत चालली नसती," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या नावासमोरची रिकामी जागा त्यांनी पाहिली. माझ्या नावासमोरचीही पाहिली. मग पुन्हा पेपर उघडला.

विहीणबाईंचं, रूथबाईंचं पत्र तू मराठीत करून पाठवलंस ते बरं केलंस. मी दोनदा वाचलं. नेथनच्या आई इतकी वर्षं आपल्या घराण्याचा शोध घेताहेत हे मला माहीत नव्हतं. इंग्लंडच्या उत्तरेकडे डोंगरातलं खेडं, घरात हातमाग, आणि पंथ असा की राजाच्या चर्चमध्ये जायचं नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही, शपथ घ्यायची नाही. त्यापायी तुरुंग झाला, घरातली भांडी आणि गुरं जप्त झाली. मग जहाजात बसून अमेरिका. वार आणि महिन्यांनाही ते देवांची नावं देत नाहीत, पहिला दिवस, दुसरा दिवस असं म्हणतात, हे वाचून मला गंमत वाटली. आपल्याला तर सोमवार म्हटलं की आधी उपास आठवतो.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांच्या गाव सोडण्याच्या कागदाचं. निघताना तिथल्या त्यांच्या पंथाच्या सभेने लिहून दिलं, की ही माणसं सचोटीची आहेत, कुणाचं देणं मागे ठेवून जात नाहीत, तिकडच्या मंडळींनी यांना आपलं म्हणावं. म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा गाव सोडल्याचा दाखला. आम्ही पारोळ्याहून सुरतेला आलो तेव्हा असा कागद हातात असता तर बरं झालं असतं. तेव्हा खोली बघायला गेलं की आधी विचारत, कुठले, कोणाचे, ओळखीचं कोण आहे.

हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा पप्पा पेपरमागून म्हणाले, "म्हणजे सातासमुद्रापार जाऊन पोरीने शेवटी लिंबायतीसारखे मागवालेच शोधले." लग्नानंतर त्यांनी आपणहून काढलेला तुझा हा पहिला विषय. मी पुढचं वाचत राहिले, नाहीतर तोही बंद झाला असता.

रूथबाईंनी त्यांच्या घराण्यातल्या एका जुन्या दाखल्याची प्रतही पाठवली आहे. अबिगेल नावाची मुलगी, नेथनच्या दहाएक पिढ्या आधीची. जहाजातून आली तेव्हा लहान होती, लग्न अमेरिकेत झालं. वडिलांची सही आहे, भावांच्या आहेत, शेजाऱ्यांच्या आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुली मारली आहे आणि बाजूला दुसऱ्याने नाव लिहिलं आहे. आई मार्थाबाई, त्यांची सही नाही आणि फुलीही नाही.

मार्थाबाई त्या लग्नानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, हे रूथबाईंना दफनाच्या नोंदीवरून कळलं. मग त्या दिवशी होत्या कुठे? आजारी होत्या, बाळंतपणात होत्या, का रुसल्या होत्या? त्यासाठी रूथबाई इंग्लंडला जाऊन आल्या. गाव सापडलं, जहाज सापडलं, कुणाला कुठल्या तुरुंगात ठेवलं होतं तेही सापडलं, एवढंच सापडलं नाही. शेवटी त्या लिहितात, वडिलांनी सही केली आहे, म्हणजे घरातून विरोध नसावा.

मी पोथी उघडून बसले तरी हे वाक्य डोक्यातून जाईना. रूथबाई एवढ्या शिकलेल्या, त्यांनाही घर म्हणजे वडीलच वाटतात. वडील हो म्हणाले असतील आणि मार्थाबाई नाही. किंवा त्यांना कुणी विचारलंच नसेल.

आता तुझ्या लग्नाच्या दिवसाचं लिहिते.

तू सगळं आधी सांगितलं होतंस. भटजी नाही, अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, सगळे शांत बसतात. पण शांत बसायचं म्हणजे मला वाटलं, आपल्याकडे आरतीच्या आधी "शांत बसा, शांत बसा" म्हणतात, तसं. त्यानंतर काहीतरी सुरू होतंच. आणि तुला माहीत आहे, आपल्या लिंबायतीत शांतता म्हणजे लाईट गेली. खालचे माग थांबले की मी आधी टाकीतलं पाणी बघते.

इथे दिवेलागण झाली होती. फोन मी व्हिडिओ लावून देवघरासमोर पाटावर ठेवला, तुपाच्या डब्याला टेकवून. पप्पा गॅलरीत हिंचक्यावर झोके घेत, पाठ करून. तुम्ही दोघं उभे राहिलात, एकमेकांचे हात धरलेत, काहीतरी बोललात, बसलात. तुझी सुती साडी छान दिसत होती, निऱ्या मात्र एका बाजूला सरकल्या होत्या. आणि मग काहीच नाही. बाकांवर माणसं जशीच्या तशी. पुढच्या बाकावरचे एक म्हातारे डोळे मिटून, तू मान खाली घालून. मी म्हटलं, "हॅलो. जयू. आवाज येत नाहीये." कोणी हललं नाही. मी फोन वर धरला, खिडकीशी नेला, परत ठेवला. हर्षल असता तर त्याने बघितलं असतं.

"अहो, अडकलं."

"बरं झालं. पान वाढ."

मी उठलेसुद्धा. मग काय झालं मला माहीत नाही. पुढचं मी फोनकडे पाठ करून, गॅलरीच्या दारात उभं राहून बोलले. म्हणाले, "वाढते. पण तिने तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, आणि सगळ्यांनी धरलं की घराने नाही म्हटलं. मला कोणी विचारलं? मी तिथेच कणीक मळत होते. हात भरलेले होते माझे, तोंड मोकळंच होतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तिच्या बाजूच्या बाकावर आपलं एक माणूस नाही. निदान येऊन बघा. अडकलेलं का होईना, चित्र तरी बघा."

वळून पाहिलं तर तू पदराने डोळे पुसत होतीस. त्या म्हाताऱ्यांनी डोळे उघडले, फोनकडे पाहिलं, आणि परत मिटले.

फोन मी पाटावर पालथा घातला. पानं वाढली. जेवताना आम्ही दोघंही बोललो नाही. तिकडे तुमची सभा, इकडे आमची.

म्हणून फोन उचलत नव्हते. मला लाज वाटत होती, परक्या माणसांसमोर नवऱ्याशी भांडले म्हणून. तू लिहिलंस, की तिथे कोणी बोलायला लागलं तर मध्ये बोलत नाहीत, अर्थही विचारत नाहीत, बोललेलं प्रत्येकजण मनात ठेवतो. आणि सभेत जो बोलला तो हजर, म्हणून आमची जागा राखून ठेवली. रूथबाईंना वाटलं मी मंत्र म्हटला. तू त्यांना खरं सांगितलंस की नाही ते लिहिलं नाहीस. नसेल सांगितलं तर सांग. मंत्र नव्हता.

तुझ्यावर राग नाही. वाईट मात्र वाटलं होतं. तू फोनवर म्हणालीस, "पप्पांना दे," आणि मी कणकेच्या हाताने फोन त्यांच्याकडे दिला. नंतर तू पुन्हा केलास तो "पप्पा काय म्हणतात" हे विचारायला. आई काय म्हणते, हा प्रश्न तुझ्या मनातच आला नसेल. तुझ्याही हिशेबात घर म्हणजे पप्पाच होते. आमच्याकडे बघूनच शिकलीस, त्यात तुझा दोष धरत नाही. पण उत्तर माझं वेगळं होतं, हे तुला ठाऊक असावं.

आज सकाळी पूजा आटोपल्यावर मी टेबल पुसून कोरडं केलं आणि कागद पुन्हा पसरला. पप्पांना म्हटलं, "तुमचं पेन द्या. काळ्या शाईचं."

पेन दिलं. म्हणाले, "मी करणार नाही."

"मी विचारलं नाही."

"तसं नाही. सही हजर माणसाने करायची असते. मी हिंचक्यावर होतो."

"ऐकू तर येत होतं ना?"

"ऐकू येणं वेगळं, हजर असणं वेगळं. असली सही मी बँकेत कधी चालू दिली नाही, आता स्वतःची चालवू?" मग म्हणाले, "तू कर. तू होतीस."

नळीत राहून कागद सारखा गुंडाळला जात होता. एका बाजूला मी डबा ठेवला तर दुसरी बाजू वर यायची. पप्पा खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही तळहातांनी कोपरे दाबून धरले. मी मराठीत लिहिलं, कुसुम विनायक बोरसे. "सावकाश. शाई पसरेल," एवढंच म्हणाले. वाळेपर्यंत हात काढले नाहीत.

बँकेत ते कागदावर रिकामी जागा कधी सोडत नसत, आडवी रेघ मारत. घरातल्या किराण्याच्या यादीलाही खाली रेघ मारतात, मला त्याचा राग येतो. आज मी पेन परत दिल्यावर त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. रेघ मारली नाही.

तेव्हा माझं एक काम कर. तुमच्यात वंशावळीत बारीकसारीक लिहून ठेवतात, तर रूथबाईंकडून हे लिहून घे. वधूचे वडील विनायक बोरसे त्या दिवशी जिवंत होते, तब्येत ठीक होती, लिहिता-वाचता येत होतं. लग्न त्यांना मान्य नव्हतं. सही केली नाही. आईने सही केली तेव्हा कागद धरून बसले होते. सगळं लिही, मधलं गाळू नको. जागा तशीच राहू दे. पुढे कोणाला हे शोधत थेट सुरतेपर्यंत यायला नको.

मार्थाबाईंचं आता कोण सांगणार. पण रूथबाईंना म्हणावं, वडिलांच्या सहीवरून घराचा अंदाज बांधू नका.

वायर आज बदलून आणते. उद्यापासून फोन कर, आणि आधी माझ्याशी बोल.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. निऱ्यांना वरच्या बाजूला एक पिन लावत जा, सरकत नाहीत.

तुझ्या लग्नाला हजर असलेली,
आई