गवाक्षास हात लावू नये

नाशिक, डिसेंबर १९३५

प्रिय सौ. वेणूबाई नरहर गर्गे,

संपूर्ण नावाने हाक मारली म्हणून तू हसशील. "अहो, मी तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर नाही," असे तू एकदा सुनावले होतेस. परंतु अलीकडे आपल्या घराविषयी इतकी माणसे इतके खोटे बोलत आहेत की, निदान एक नाव तरी कोठेतरी पूर्ण आणि बिनचूक लिहिले जावे, अशी माझी इच्छा आहे.

तुझी खिडकी पेशवेकालीन ठरली आहे. गावातून नवा रुंद रस्ता जावयाचा असून, कोणत्या आळ्या ऐतिहासिक म्हणून राखाव्यात आणि कोणत्या पाडाव्यात, हे ठरविण्यासाठी एक कमिटी नेमली गेली. तिचे अध्यक्ष रावसाहेब टिळेकर. या गृहस्थांनी स्वतःच्या वडिलांचे कोरीव खांब उतरवून विलायती बंगला बांधला आणि आता ते दुसऱ्यांच्या खांबांवर व्याख्याने देतात. नाकाला रुमाल लावून ही मंडळी गावभर हिंडली. राखावयाच्या घरावर गेरूचे वर्तुळ, पाडावयाच्या घरावर फुली. आळीत पेशवाईतील एक तरी अस्सल वास्तुभाग जागच्या जागी असेल, तरच ती आळी राखीव हद्दीत घ्यावयाची, असा त्यांचा नियम. आपल्या तांबटांच्या आळीत धूर, राख आणि ठोक्यांखेरीज काय आहे? सगळीकडे फुल्या पडत आल्या, आणि तेवढ्यात रावसाहेब तुझ्या खिडकीपुढे थबकले.

त्या खिडकीचा इतिहास मी जाणतो, कारण तो माझ्याच संसारात घडला. डॉक्टरांनी तुला मोकळी हवा सांगितली आणि आपल्या खोलीला आळीच्या बाजूने कोरी भिंत होती. पंचवटीतल्या वखारीत घोटीकडून आलेल्या जळाऊ लाकडांच्या गाडीत तुला ती मोरांची चौकट दिसली. "हे जाळणार? हात कसे धजतात हो तुमचे?" असे वखारवाल्याला झाडून, तू ती टांग्यात मांडीवर घेऊन आलीस. गोटीराम गवंड्याने भिंत फोडली. "मास्तर, चौकट म्हातारी अन् भिंत तरणी. जमायचं नाय," असे तो म्हणाला. तू माझ्याकडे पाहत म्हणालीस, "आमचं जमलंच की!" गोटीराम खाली बसून हसला. मी त्या वेळी रागावलो होतो. माझा राग योग्य होता, असे माझे आजही मत आहे. मात्र ते वाक्य मला दिवसातून अनेकदा आठवते.

आणि ही आळी! शेजारची मालनबाई आपल्या पोरांना खिडकीखालून ओढून नेत असे. घरमालकीण अक्काबाईंनी तर तोंडावर सांगितले, "मास्तर, ही खिडकी नाही, रोगाचं तोंड आहे. बुजवा." आतून खोकल्याच्या उबळीतून तुझा आवाज आला, "तोंडच बुजवायचं तर आधी तुमचं बुजवा, अक्काबाई!" संक्रांतीला तू वाण घेऊन गेलीस, तेव्हा त्यांनी ते हाती घेतले नाही. "ओट्यावर ठेवा," म्हणाल्या. तू ठेवलेस. घरी येऊन पुन्हा खिडकीशी बसलीस आणि समोरच्या हातोड्यांचे ठोके ऐकत राहिलीस. ठोके सुरू झाले की आणखी एक सकाळ मिळाली असे वाटते, एवढेच बोललीस. गेल्या चैत्रात तुला नेले, तेव्हा या आळीतला एकही खांदा पुढे आला नाही. मी ते विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

तीच आळी मागील महिन्यात माझ्या दारी आली. खिडकीच्या चौकटीला हळदकुंकू वाहिलेले, झेंडूची माळ. अक्काबाई पदर सावरून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही इतिहासाचे बी. ए. खिडकी मुळापासूनची म्हणून सांगा, तुमचा शब्द रावसाहेब मोडायचे नाहीत. आणि आमच्या वेणूबाई म्हणजे साक्षात लक्ष्मी होत्या हो!" लक्ष्मी! मी दार लोटून घेतले. गोटीराम वारलेला, तेव्हा खरे सांगेल असा मी एकटाच उरलो होतो. आणि खरे सांगताच तुझ्या खिडकीसकट त्यांची घरे रस्त्याखाली जाणार होती. मला सूड आयता हाती आला होता, वेणू. त्यासाठी खोटेसुद्धा बोलावे लागणार नव्हते.

कमिटीच्या सुनावणीत रावसाहेबांनी विचारले, "गर्गे, ही खिडकी मुळापासून याच भिंतीत आहे काय?" मी म्हणालो, "होय."

कोणी पुढे काही विचारले नाही. भिंतीकडे पाहिले असते, तर ताज्या चुन्यानेच मला खोटे पाडले असते. परंतु या विद्वानांना भिंतीपेक्षा पदवी अधिक वाचता येते. आतल्या फळीवर तुझ्या पाण्याच्या लोटीचा गोल डाग उमटला आहे ना? रावसाहेबांनी त्याची नोंद 'कारागिराचे सांकेतिक चिन्ह' अशी करवून घेतली.

आळी राखीव झाली. पेढे वाटले गेले. माझ्या वाट्याचे मी परत पाठविले. आठवड्याने निजाम सुतार कमिटीचा हुकूम घेऊन आला. उघडझाप केल्याने नक्षीची हानी होते, म्हणून झडपा कायमच्या बंद कराव्यात. बिचाऱ्याने झडपा ओढून लावल्या, हातोडी काढली. मग म्हणाला, "मास्तरसाहेब, खिळे आतनं मारू का बाहेरनं?" मी म्हणालो, "बाहेरून." आत तुझा डाग आहे ना! वर पाटी लागली: 'पेशवेकालीन गवाक्ष. हात लावू नये.' ज्या खिडकीला तुझ्या हयातीत कोणी हात लावला नाही, तिच्यावर आता तसा हुकूम आहे, एवढाच काय तो फरक. ठोके अजून ऐकू येतात, पण भिंतीपलीकडून आल्यासारखे.

हे पत्र लिहिण्याचे कारण इतकेच की, तेथे न दिलेली साक्ष कोठेतरी द्यावयास हवी होती, आणि ती ऐकण्याचा अधिकार तुझ्याखेरीज कोणास आहे, असे मला वाटत नाही. ती खिडकी वेणूबाई नरहर गर्गे यांनी श्वास घेण्यासाठी भिंत फोडून बसवून घेतली. मी खोटे बोललो, ते या लोकांसाठी नव्हे. तुझी खिडकी उघडी राहावी म्हणून. ती उघडी राहिली नाही. या खोलीत आता हवा नाही. घोटीच्या शाळेत मी जागा मागून घेतली आहे. तुझे मोर जेथून आले ते घर तेथे कोणास ठाऊक असेल, तर विचारीन.

सामान पुढे गेले. आज सकाळी मी दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या परत केल्या. अक्काबाईंनी हात पुढे केला होता. मी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या.

तुझाच,
नरहर