माझं प्रेशर, तिचा हात

३ मार्च
ऑफिसचा 'हृदय जपा' सप्ताह माझ्याकडे सोपवला. अखेर योग्य माणूस सापडला म्हणायचा. भाषण एका बैठकीत लिहिलं: मीठ कमी, चालणं जास्त, प्रेशर वेळेवर तपासा. लिहिता लिहिता खारे दाणे संपले. बायको म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. दुर्लक्ष केलं. दाणे उद्यापासून बंद.
दादाला जाऊन वर्ष झालं. चहाचा कप हातात, बसल्या जागी गेला. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या वयाचा होईन. घाबरलेलो नाही. नुसती नोंद.

४ मार्च, पहाट
चालायला निघालो. जिन्यात मागून दादाच्या चपला वाजल्या. वळून पाहिलं तर कोणी नाही. परत घरात. बाहेर गारठा होता, आणि गारठा हृदयाला वाईट.

६ मार्च
डॉक्टरांकडे गेलो, दादाचेच डॉक्टर. म्हणाले, रोज सकाळी घरी प्रेशर घ्या, मशीनचा फोटो पाठवा. दंडाला पट्टा गुंडाळला आणि दादा समोर येऊन बसला. टक लावून बघत राहिला. मशीन फुगायच्या आत पट्टा काढला. अशा वातावरणात शास्त्रीय रीडिंग येत नाही.

७ मार्च
युक्ती सुचली. पट्टा बायकोच्या दंडाला. मशीन टेस्ट करतोय म्हटलं. ती म्हणाली, करा, पण लवकर, डबे भरायचेत. तिला काय धाड भरलीय, दिवसभर पायाला भिंगरी. शिवाय दोघं एकच जेवण जेवतो, प्रेशर वेगळं कसं असेल? फोटो काढून माझा म्हणून पाठवला. आकडे बघितले नाहीत. ते डॉक्टरांचं काम.
दाणे सोमवारपासून बंद.

९ मार्च
रोजचा फोटो गेला, दंड तिचाच. भाषण झालं. 'घरातल्या प्रत्येकाचं प्रेशर तपासा' यावर कडकडून टाळ्या. शिपायाने विचारलं, साहेब, तुमचं किती? म्हटलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. दादा शेवटच्या रांगेत होता. हाताची घडी.

१० मार्च
फोटो गेला. बायको म्हणते डोकं जड आहे, जिना चढताना दम लागतो. म्हटलं, उशी बदल. माझ्याच छातीत धडधडतंय, त्याचं कोणाला काही नाही.

११ मार्च, सकाळ
डॉक्टरांचा फोन. म्हणाले, आकडे फार वाईट आहेत, आत्ताच्या आत्ता या, स्वतः गाडी चालवू नका, बायकोला सोबत आणा. फोन ठेवला आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे मला काहीच नाही. मोठ्याने हसलोसुद्धा.
मग स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याला धरून उभी होती.

११ मार्च, दुपार
तिला आत घेतलंय. छातीला वायरी लावल्यात. हात कोणाचा होता ते डॉक्टरांना सांगावं लागलं. त्यांनी केसपेपरवरचं माझं नाव खोडून तिचं लिहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार भीती वाटतेय.
नर्सने माझंही प्रेशर घेतलं. म्हणाली, थोडं वाढलंय, पण या गडबडीत कोणाचंही वाढेल, काळजीचं नाही.
दादा माझ्या शेजारी नाही. दाराच्या काचेतून दिसतोय. तिच्या उशाशी बसलाय. हाक मारली, पण इकडे बघत नाही.