‘ये’ म्हणायला समोर कोणी हवं

२ नोव्हेंबर
एकदाचं बस्तान बसलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती शिंपीणबाई खालच्याच मजल्यावर. तिची भाषा बोलणारं आता तिच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. बहीण गेल्यापासून बाई शिलाई मशीनलाही मराठीतच शिव्या देतात म्हणे. मी त्या भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश लिहायला आले आहे. लेकीने, म्हणजे आमच्या टिटवीने, संध्याकाळपर्यंत बाईंची चिंध्यांची पेटी उपसूनही टाकली. बाई रागावल्या नाहीत.

५ नोव्हेंबर
बाई शब्द देतात ते कापड मापून द्यावं तसे, हात आखडता. पण काय एकेक शब्द आहेत. कात्रीला त्यांच्यात ‘दोघी बहिणी’ म्हणतात. कचाकचा भांडतात, पण एकाच खिळ्याला राहतात. मी हसले तर बाईही हसल्या, आणि मग कात्री पुसून जागेवर ठेवली.

९ नोव्हेंबर
आज आज्ञा करायची रूपं घेतली. ‘ऊठ’, ‘जेव’ चटकन मिळाली. ‘ये’ म्हटल्यावर बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. म्हणाल्या, समोर माणूस नसताना आमच्यात हा शब्द तोंडातून काढत नाहीत. आमची माणसं सगळी पलीकडे गेलीत आणि ती हाकेला टपून असतात. मी खूप नाकदुऱ्या काढल्या. शेवटी टिटवीला दारात उभं केलं, आणि तिच्याकडे बघत बाईंनी म्हटलं: ये, बस, हे घर तुझंच. आवाज इतका मऊ लागला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ‘जा’ विचारायचं राहिलं. कोणीतरी झंपर घ्यायला आलं होतं.

११ नोव्हेंबर
बाईंना झटका आला. दवाखान्यात आहेत, वाचा गेली. फार वाईट वाटलं; खरं सांगायचं तर कामाचंही वाटलं. दुपारी वर बसून बाईंचं परवाचं ध्वनिमुद्रण उतरवून काढलं. स्वर लांब की आखूड हे ठरेना, म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा लावलं, मोठ्या आवाजात. ये, बस, हे घर तुझंच. टिटवी बाहेर खेळत होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

१४ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या सकाळी मागे ओढलेल्या असतात. मी आत सरकवते. परत येते तर पुन्हा तशाच.
टिटवी बाईंची भाषा बोलते आहे. अडखळत नाही. मी कधी न घेतलेले शब्दही. आधी आनंदच झाला, वेड्यासारखी लिहून घेत सुटले. मग विचारलं, कोणी शिकवलं. म्हणाली, खुर्च्यांवरच्या मावश्यांनी.

१६ नोव्हेंबर
दवाखान्यात जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ओठ हलले, नुसतीच हवा आली. तो राहिलेला ‘जा’ मला द्यायचा होता त्यांना, नक्की. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.
घरी येऊन मराठीत ओरडले. जा, निघा, हवं ते घ्या पण पोरीला सोडा. त्यांना मराठी कळत नाही.
टिटवी माझ्या हाकेला वळत नाही. दुसऱ्याच कुठल्या नावाला ओ देते.

१७ नोव्हेंबर
सामान बांधलं. गाडी खाली उभी आहे. टिटवी खुर्चीतून उठत नाही — ओढलं, उचललं — तिच्या दुसऱ्या बाजूनं कोणीतरी —
पाया पडले तिच्या. माझ्याच पोरीच्या. चल म्हणाले, आईबरोबर चल.
तिनं मावश्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि एक शब्द म्हणाली, मऊ, बाईंसारखाच. अर्थ विचारायची वेळच आली नाही. मी उठून उभी होते. पाय दाराकडे —
थांबत नाहीत. जिना. कठडा धरला, हात सुटला — पोरीला घेतल्याशिवाय मी — ती वर दारात उभी आहे, हात हलवतेय, तिच्या खांद्यावर दुसरे हात — टिटवे, बाळा, ये, मीही त्यांच्या भाषेत म्हणते, ये, बस, हे घर —