न समजणारीचं उत्तर

४ जानेवारी

शी! ऐच्छिक म्हणे! कुणाच्या इच्छेचं ते तरी सांगा.

शेवटची सहामाही. इंग्रजीचे शिक्षक होणाऱ्या आम्हा सगळ्यांना एक ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. सकाळी नोटीस बोर्डापाशी ही झुंबड! ‘चित्रपटांतून इंग्रजी’ बघता बघता भरला. अंधारात बसायचं, डोळा लागला तर लागला, वर्षाखेरीस गुण तयार. मग ‘खेळांतून इंग्रजी’ भरला. ‘गाण्यांतून इंग्रजी’साठी तर लोकांनी एकमेकांचे पाय तुडवले. पुढच्या वर्षी ‘झोपेतून इंग्रजी’ काढा म्हणावं, खोलीभर गाद्या घाला आणि सगळ्यांना पहिला वर्ग द्या. उद्या हेच लोक कुणाच्या तरी पोरांपुढं खडू घेऊन उभे राहणार!

विद्यापीठात पहिली आलेली मुलगी धक्काबुक्की करत नाही, या तोऱ्यात मी सावकाश गेले. मिळालं काय? उरलंसुरलं. ‘मागच्या बाकावरचे विद्यार्थी’. शिकवणार पट्टीबाई. ताठ उभ्या राहतात आणि समोर येईल त्याला मोजतात, म्हणून पट्टीबाई.

रेडिओने मात्र हाच विषय मागून घेतला. त्यात त्याचा हिशेब आहे. नदीपलीकडची ती मोठी शाळा दरवर्षी या वर्गातून एकाला नोकरीवर घेते. रेडिओ म्हणजे माझा होणारा नवरा. आवाजावरून सगळे त्याला रेडिओच म्हणतात. बाबांची अट एकच आहे, मुलाला आधी नोकरी, मग लग्न. मला पुढं संशोधन करायचंय, त्यामुळं ती जागा मला नको. रेडिओला ती मिळालीच पाहिजे.

११ जानेवारी

काय प्रकार आहे हा! वर्गात मुलं नाहीतच. आम्हीच मुलं! एकानं शिकवायचं आणि बाकीच्या पंचविशीच्या घोड्यांनी बाकांत गुडघे कोंबून दहा वर्षांचं व्हायचं.

पट्टीबाईंनी एका डब्यात पुठ्ठे आणले होते. ज्याच्या हाताला जो लागेल तो गळ्यात घालायचा आणि सहामाही संपेपर्यंत तेच मूल व्हायचं. रेडिओ ‘हुशार’. माझ्या खोलीतली खारूताई ‘बडबडी’, तिला काही वेगळं करावंच लागणार नाही. दाढीवाला एक जण आहे, तो ‘लाजरा’. आणि मी? ‘न समजणारी’!

मी म्हटलं, "मॅडम, बदलून मिळेल का? मी विद्यापीठात पहिली आलेय."

"म्हणूनच राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला न समजायची सवय नाही."

पुढं तर कळसच. धडा संपला की त्या फक्त मला एक प्रश्न विचारणार. मला जेवढं समजलं असेल तेवढेच शिकवणाऱ्याला गुण. "बाकीच्यांना तुम्ही नाही शिकवलंत तरी येणारच आहे," म्हणाल्या. सगळा वर्ग माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी कुणाच्या तरी वाटेतला दगड आहे.

१८ जानेवारी

दाढीवाल्या लाजऱ्याने आज तोंडात बोट घातलं. आपणहून. शी!

२५ जानेवारी

‘समजलं नाऽऽ?’ या शब्दांचा मला वीट आलाय. हा प्रश्नच नाही मुळी. विचारताना स्वतःच मान हलवतात, म्हणजे समोरच्यानं पण हलवावी. आणि तो आवाज! तोंडात साखर धरून बोलल्यासारखा. आज एकीनं मला ‘बाळा’ म्हटलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे ती!

मान हलवली नाही, तर चेहऱ्यावरची साखर लगेच विरघळते. पुन्हा तेच वाक्य, तसंच, फक्त मोठ्यांदा. जणू मी बहिरी आहे. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की घड्याळाकडं बघायचं, आणि मग ‘हुशार, तू सांग रे हिला.’ सुटका! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी रोज मागच्या बाकावरून बघतेय.

कॅन्टीनमध्येसुद्धा सुटका नाही. एकानं मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "चहा... की... कॉफी?" सगळे हसले. रेडिओ सगळ्यांत जास्त हसला. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणे, "अगं, गंमत गं! तू ना, सगळं मनाला लावून घेतेस."

२ फेब्रुवारी

खारूताईचा धडा. बिचारीच्या हातून खडू दोनदा मोडला. पण ती एकटी माझ्या बाकापाशी आली, खाली वाकून बसली आणि मला काय येतं ते आधी विचारलं. त्यातच निम्मा तास गेला. उरलेला भाग तिनं धावतपळत उरकला.

पट्टीबाईंनी प्रश्न विचारला. मी खरं तेच सांगितलं. पहिला भाग समजला, दुसरा नाही. निम्मे गुण.

नंतर ती नळापाशी तोंड धुवत होती, बराच वेळ. तिलाही त्या नोकरीची गरज आहे, घरी मिळवणारं दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. खोटं सांगितलं असतं तर तुझाच तोटा झाला असता." ती "हो" म्हणाली. मैत्री मैत्रीच्या जागी, काम कामाच्या जागी. निदान एक तरी माणूस इथं नाटक करत नाही, याचं मला बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

आज रेडिओचा धडा झाला. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय झोपही लागणार नाही.

मागं खुर्चीवर त्या नदीपलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन बसल्या होत्या. धड्याचा विषय रस्ता विचारणं आणि सांगणं. रेडिओने रंगीत खडूंनी फळ्यावर अख्खं गाव काढलं. टपाल कचेरी, दवाखाना, पूल, बाग, बागेत दोन बदकंसुद्धा! आवाज तर काय, लोणी! बडबडी बोलली, खोडकराने बदकांवर विनोद केला, हशा पिकला. मागच्या बाकाकडं साहेबांची नजर एकदाही नाही.

मग मी हात वर केला. म्हटलं, "सर, तुम्ही आमच्याकडं तोंड करून उभे आहात. तुमचं डावं ते आमचं उजवं होतंय. मग डावीकडं वळायचं म्हणजे कुणाच्या?" खरा प्रश्न होता. न समजणाऱ्या मुलीला हाच पडला असता. मला स्वतःला तो आवडलाही होता.

रेडिओ गोड हसला. "असू दे गं. तू नको दमूस. खिडकीबाहेर झाड किती छान आहे बघ, ते बघत बस."

वर्ग हसत सुटला. खारूताईसुद्धा हसली. आणि त्यानं काय केलं? मुख्याध्यापिकाबाई हसल्या की नाही, ते बघून घेतलं. त्या हसल्या होत्या.

माझे कान तापले. मनाला समजावलं, पुठ्ठा आहे हा, मी नाही. पण पुठ्ठ्याखाली कुणीही असतं तरी तो हेच बोलला असता! खरीखुरी दहा वर्षांची पोर असती तरी! याच माणसाबरोबर मी जन्म काढणार आहे. उद्या आमच्याच घरात एखादं मूल सावकाश शिकणारं निघालं तर? त्यालाही झाड दाखवणार?

तास संपला. पट्टीबाई म्हणाल्या, "न समजणारी, उठा. टपाल कचेरीतून दवाखान्यात कसं जायचं? इंग्रजीत सांगा."

रेडिओने माझ्याकडं बघितलं. तासाभरात पहिल्यांदा नीट! चेहरा पांढराफटक. मला तिथं बाबा दिसले, बाबांची अट दिसली, आईनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय ते आठवलं.

आणि मी सांगितलं. पुलावरून सरळ, बागेपाशी डावीकडं, पुढचं दुसरं दार. अडखळत, थांबत. एक चूक मुद्दाम पेरली, खरं वाटावं म्हणून. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून मला हे येतंय!

मुख्याध्यापिकाबाईंनी टाळीच वाजवली. "मागच्या बाकापर्यंत पोचलं!" पट्टीबाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग पूर्ण गुण दिले.

१७ फेब्रुवारी

रेडिओची निवड झाली. एक मार्चपासून शाळा, इकडचे तास सांभाळून. बाबांचा फोन, आईचा फोन, मग मामीचा. सगळ्यांना आनंदाचं भरतं आलंय. मे महिन्यात लग्न.

खारूताई अंथरुणाची घडी घालता घालता एवढंच म्हणाली, "माझ्या वेळी तुझं सगळं इंग्रजी कुठं गेलं होतं गं?" मी टॉवेल उचलला आणि आंघोळीला गेले.

२७ फेब्रुवारी

रेडिओ आता सगळ्यांना उपदेश करत हिंडतो. "मागच्या बाकापर्यंत पोचायचं असेल ना, तर वर्गात आधी वातावरण तयार करायला हवं." वातावरण! दोन बदकं काढली की झालं वातावरण! पहिल्या वर्षाची पोरं त्याच्याभोवती गोळा होऊन ऐकतात. मला बोलावून पुढं करतो, "हिला विचारा." मी मान हलवते.

याला खरंच कळत नसेल? की कळतंय आणि डोळ्यांवर कातडं ओढून बसलाय? दोन्हींपैकी काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

९ मार्च

तो जिना चढताना शिट्टी वाजवतो. पूर्वी ऐकून मी दार उघडायची.

१५ मार्च

लग्नाच्या खरेदीची बोलणी. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मुलानं तुला सुद्धा शिकवलं म्हणे!" आणि खळखळून हसल्या. रेडिओही हसला. तो शेजारी बसला होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मला तो झटकून टाकावासा वाटत होता. एवढी किळस मला उष्ट्या ताटाचीही येत नाही.

२० मार्च

ठरलं. रविवारी घरी जाऊन बाबांना सांगून टाकणार. मला हे लग्न करायचं नाही. जो माणूस पोरांना झाड दाखवतो, त्याच्याबरोबर मी संसार करणार नाही. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलंय.

रेडिओचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

२४ मार्च

रेडिओ आज होस्टेलवर येऊन बसला. बाहीला खडू लागलेला, दाढी वाढलेली, शिट्टी नाही. मी म्हटलं, झालं, आता नवीन काहीतरी बढाई.

म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तुला नक्की कशामुळं समजलं? चित्रामुळं? की मी दोनदा वाचून दाखवलं त्यामुळं? मी नेमकं काय केलं होतं?"

त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे. तिला काही केल्या समजत नाही. "तिनं तुझाच प्रश्न विचारला गं. कुणाचं डावं? मी तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो. हाताला धरून वर्गभर फिरवलं. शाळा सुटल्यावर तिला घेऊन बसतो. नाहीच होत. तुझ्या वेळी झालं, मग हिच्या वेळी का होत नाही?"

मला हसूच फुटलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. "अरे, मला आधीपासून येत होतं! काय शिकवलं होतंस तू मला? झाड?"

तो बघतच राहिला. "पण खारूताईच्या वेळी तू खरं सांगितलंस. म्हणून मला वाटलं, माझ्याही वेळी..."

"तुझी नोकरी गेली असती. लग्न अडलं असतं."

"अडलं असतं," तो म्हणाला. "पण माझं कुठं चुकतंय ते मला त्याच दिवशी कळलं असतं. ती पोर तीन आठवडे माझ्या तोंडाकडं बघत बसली नसती." मग बाहीवरचा खडू झटकत, "आणि त्यानंतर तू रोज मान हलवत होतीस ती?"

मी चहा करायला उठले. चहा न घेता गेला.

चोराच्या उलट्या बोंबा! भर वर्गात माझं हसं केलं त्यानं, आणि आता दोष माझा! बरं झालं. परवा घरी बोलायला आणखी एक मुद्दा मिळाला.

२६ मार्च

निघायच्या आधीच बाबांचा फोन. लग्न मोडलं. तिकडून! "मुलगा स्वतः येऊन गेला," बाबा म्हणाले. "राग नाही म्हणाला. पण तुमची मुलगी ‘हो’ म्हणाली तरी मला आता ते खरं वाटणार नाही, असं काहीतरी बोलला. काय गं, काय केलंस तू?"

"काही नाही, बाबा," मी म्हटलं.

बाबांना ते लगेच खरं वाटलं.