ब्रेकवरचा शेंदूर

फ्रीगंज, उज्जैन
८ सप्टेंबर १९९५

चि. माधव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे मी व दुर्गावहिनी खुशाल आहोत. आम्हा दोघी जावांचे एकमेकींशी पटत नाही, हेही पूर्ववत. तुझ्या गेल्या पत्रात 'आशीर्वाद' पुन्हा चुकला होता. मॅनेजर झाल्याने ऱ्हस्व-दीर्घ बदलत नाहीत.

आता मुद्दा. तुझे वडील मिलच्या वर्कशॉपमध्ये असताना जुन्या स्कूटरचे इंजिन बसवून त्यांनी तुझ्यासाठी जी गो-कार्ट बांधली होती, ती मी मागच्या खोलीतून बाहेर काढली आहे. तू कॉलेजात गेल्यापासून तिच्यावर गव्हाची पोती होती. इशिताने मला लिहिले की, तुमच्या कॉलनीतल्या मुलांनी सायकलींची शर्यत लावली आणि तिला 'तू झेंडी दाखव' म्हणून कडेला उभे केले. नऊ वर्षांच्या धडधाकट मुलीने झेंडी दाखवीत उभे राहावे, हे मला मान्य नाही. दसऱ्याच्या सुट्टीत ती येईल तेव्हा ही गाडी चालवील.

कार्ब्युरेटर मी स्वतः उघडून साफ केला. चौकटीचा एक पाइप तडकला होता. वेल्डिंगवाल्याने जोड तिरपा घातला आणि वर, मॅडम, चलेगा, असे म्हणाला. 'चलेगा' हे भौतिकशास्त्रातल्या कोणत्याही राशीचे माप नव्हे, असे मी त्याला त्याच्याच हिंदीत ऐकवले आणि जोड तोडून पुन्हा घालायला लावला.

कल्पनाला आशीर्वाद, इशिताला गोड पापा. आमच्यावरची माया पत्रागणिक वाढती ठेव.

तुझी आई

भोपाळ
१५ सप्टेंबर १९९५

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून कल्पना हसली. मला हसू आले नाही. तुला ती गाडी म्हणजे बाबांचे कसब वाटते. माझ्या डाव्या गुडघ्यावर तिची खूण आहे, म्हणून मला ती वेगळी आठवते.

आई, काळ बदलला आहे. बाजार खुला झाला. कबाड जोडून मुलांना खेळणी करून देण्याचे दिवस गेले. मी सिंगापूरहून इशितासाठी बॅटरीवर चालणारी लाल मोटार आणली आहे. पाय उचलला की ती आपोआप थांबते. माझ्या एका सहकाऱ्याची सासुरवाडी फ्रीगंजमध्येच आहे. प्रोफेसरबाई भर रस्त्यात उपड्या बादलीवर बसून काळ्या हातांनी साखळीला ग्रीस लावत होत्या, असे तो चार लोकांत सांगत होता. मला काय वाटले असेल, याचा विचार कर.

म्हणून स्पष्ट लिहितो. कबाडीला बोलावून गाडी देऊन टाक. मगच इशिताला पाठवीन. आणि एस.टी.डी. बूथवरून एकदा फोन कर. प्रत्येक गोष्टीला पत्र कशाला?

मोठ्या काकूंना नमस्कार. रागावलीस तरी लेकरावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा माधव

फ्रीगंज, उज्जैन
२३ सप्टेंबर १९९५

चि. माधव यास आशीर्वाद.

काचेच्या त्या खोक्यात, मागे रांग ताटकळत असताना, मला भांडता येत नाही. भांडणाला पूर्ण वाक्ये लागतात.

तुझ्या सहकाऱ्याला कळव की, ती बादली नव्हती, पाट होता. जे पाहिले तेही ज्याला नीट सांगता येत नाही, त्याच्या मताची मी पर्वा करीत नाही. तू करतोस, याचे वाईट वाटते.

पाय उचलला की मोटार आपोआप थांबत असेल, तर मुलीने शिकायचे काय? थांबणे हे चालवणाऱ्याचे काम आहे. ही गाडी जोरात पळणार नाही, कारण ॲक्सिलरेटरखाली मी अडसर बसवला आहे. कमरेला पट्टा आहे. ब्रेकची रचना तुला आठवत असेल: मागच्या आसावर उघडा ड्रम, त्याभोवती अस्तर लावलेला पोलादी पट्टा, पायाने दाबले की आवळतो. अस्तर नवे घातले आहे.

राहिली तुझी अट. इशिता आली नाही तर मला किती लागेल हे तुला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच ती अट घातलीस. तरीही गाडी कबाडीला जाणार नाही. मुलगी येईपर्यंत गाडी वाट पाहील, मीही पाहीन.

परवा गणपती दूध पितो म्हणून सारी गल्ली मंदिरात लोटली. वहिनीही वाटी-चमचा घेऊन गेल्या. परतल्यावर मी त्यांना चमच्यातले दूध ओढून घेणारा पृष्ठताण समजावून सांगितला. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त भाजी कोणती, एवढेच बोलतात.

विरोध कितीही कर, पत्रांत खंड पडू देऊ नकोस.

तुझी आई

भोपाळ
२७ सप्टेंबर १९९५

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही सासू-सून एक झालात. कल्पनाने मला न विचारता तिकिटे काढली. येत्या रविवारी ती इशिताला सोडून लगेच परतेल. मला दिल्लीला जायचे आहे, म्हणून अडवत नाही.

मात्र इशिताला एक ओरखडा जरी आला, तरी गाडी त्याच दिवशी कबाडीकडे जाईल, हे मी गृहीत धरतो.

तुझ्या हट्टासह तुझी माया आम्हाला हवी आहे.

माधव

फ्रीगंज, उज्जैन
४ ऑक्टोबर १९९५

चि. माधव यास आशीर्वाद.

ओरखडा आला आहे. हनुवटीवर, उजव्या बाजूस. टाके नाहीत, डॉक्टरांना दाखवले. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावे.

परवा खंडेनवमी होती. सुरी, शिवणयंत्र, माझा व्होल्टमीटर आणि गाडी, सगळे पूजेला मांडले. इथल्या रीतीप्रमाणे वहिनींनी तेलात कालवलेला शेंदूर प्रत्येक वस्तूला लावला. गाडीवर त्यांनी विशेष माया केली: चाकांना, इंजिनाला, आणि मागचा तो गोल, चकचकीत भाग देवाच्या टाकासारखा दिसला म्हणून त्यालाही, सढळ हाताने. तो ब्रेकचा ड्रम होता. मी दारातच उभी होते. दुधावरून झालेले भांडण नुकतेच निवळू लागले होते. आज एक शब्दही बोलायचा नाही, असे मी ठरवले होते. पूजेच्या आदल्या दिवशी ब्रेक तपासला होता. पूजेनंतर तपासला नाही.

काल दसऱ्याला सकाळी इशिता लिंबावरून चाक घालून गल्लीत निघाली. उत्तम चालवली. वळणापाशी ब्रेक दाबला आणि पट्टा तेलावरून नुसता घसरला. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, गाडी शेजारच्या नव्या दुकानासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगाकडे वळवली आणि त्यात घुसवली. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

वहिनी कालपासून जेवल्या नाहीत. मी त्यांना म्हटले की, तेलाने घर्षण कमी होते हे तुम्ही जन्मात कुठे शिकला नाहीत. मी ते शिकवून पेन्शन खाते. दोष माझा. हे वाक्य तू जपून ठेवावेस; पुन्हा मिळणार नाही.

पण गाडी कबाडीला जाणार नाही. तसा शब्द मी दिला नव्हता; तू गृहीत धरलेस. इशिता रडली नाही. आज सकाळी मात्र तिने मला हळूच विचारले की, आजी, दुसरे कोणी चालवले आणि मी झेंडी दाखवली तर चालेल का? माधवा, हनुवटीवर औषध लावता येते. ही मुलगी जर आत्ता कडेला उभी राहिली, तर जन्मभर तिथेच उभी राहील.

ड्रम पेट्रोलने धुतला, अस्तर पुन्हा बदलले, बैठकीवर गव्हाचे पोते बांधून मी स्वतः सकाळपासून गाडी ढकलत ब्रेक तपासते आहे. उद्या इशिता चालवील आणि मी तिच्या समोर उभी राहीन. ज्या ब्रेकसमोर मी उभी राहणार नाही, त्यावर तिला बसवणार नाही. हे पत्र पोचेल तेव्हा ते होऊन गेलेले असेल; पुढे अडवायचे असेल तर गाड्यांची वेळ तुला ठाऊक आहे.

रागाने का होईना, आठवण काढीत जा.

तुझी आई

उज्जैन
६ ऑक्टोबर १९९५

ती. बाबांना,
इशिताचा शि. सा. न.

आजीने हे पत्र मला दोनदा परत लिहायला लावले. हनुवटी बरी आहे.

काल सकाळी मला खूप डर वाटत होता. मी पोट दुखते म्हणून सांगितले. आजीने पोट दाबून पाहिले आणि ते दुखत नाही असे सांगितले. मग ती गल्लीत जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून, वर्गात बाई उभ्या राहतात तशी. मग मोठी आजीसुद्धा आली. आजीने तिला बाजूला व्हायला सांगितले, तर ती म्हणाली की शेंदूर मी लावला होता, बाई, तुम्ही कोण मला हटवणार? दोघी भांडल्या. भांडता-भांडता मोठी आजी थोडे अंतर ठेवून उभी राहिली ती राहिलीच.

मग मी आले. मला वाटले त्या पळतील. मोठी आजी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. आजीचे डोळे उघडे होते आणि ती माझ्या पायाकडे बघत होती. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. आजीच्या पदरापर्यंत माझा हात पोचत होता. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजीने नाही. ती म्हणाली की गाडी डावीकडे सरकली, पुन्हा कर. मी पुन्हा केले. संध्याकाळपर्यंत करत होते. मोठी आजी दुपारी जेवली.

बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही या. आजी आणि मोठी आजी यांच्या मध्ये एका माणसाची जागा आहे. तिथे उभे राहा. मी थांबवीन.

आईला नमस्कार. रागावू नका आणि खूप खूप प्रेम करा.

तुमची इशिता